मानाचं जाकीट

"तात्या, आज वारा कुठला?" मी विचारलं.

"पश्चिमेचा," केशवतात्या म्हणाले.

वाऱ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. वारा झाडाकडं बघूनही कळतो. मला तात्यांच्या तोंडाचा वास हवा होता, आणि तो माणसाला बोलतं केल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षं मी त्यांच्या लाँचवर खलाशी होतो आणि दोन वर्षं रोज सकाळी त्यांना जवळ जाऊन एक प्रश्न विचारत होतो. त्यामुळं धक्क्यावर माझी ख्याती फार चौकस मुलगा अशी झाली होती. त्या वासात आजवर तंबाखू, कांदा आणि एकदा फिनेल सापडलं होतं. फिनेलचं कारण मी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र दारू सापडली. सकाळचे साडेदहा वाजले होते. दारू भारीतली होती, म्हणजे वऱ्हाडाकडून आलेली होती.

वऱ्हाड माझ्याच बहिणीचं होतं.

आमचं वेळसे गाव धरणाच्या पल्याड. सडकेनं जायचं तर सत्तर किलोमीटरचा घाट, पाण्यावरून चाळीस मिनिटं. वैजूचं लग्न गावात ठरलेलं, मुहूर्त बारा चाळीसचा. वडील, म्हणजे अण्णा, जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळं घरातला कर्ता पुरुष मी. वय वीस. वऱ्हाडाला अलीकडच्या धक्क्यावर ओवाळून लाँचमधून पलीकडं न्यायचं, एवढं काम माझ्याकडं होतं. आईनं त्यासाठी एक ताट दिलं होतं. त्यात हळदकुंकू, अक्षता, निरांजन आणि सुपाऱ्या. ताटाबरोबर एक सूचनाही दिली होती.

"दिन्या, आपण मुलीकडचे. ती माणसं काय वाट्टेल ते बोलोत, तू तोंड उघडायचं नाहीस. मोडता घालायला निमित्त लागतं फक्त."

आता तोंड न उघडता एकतीस माणसांना कसं वाचवायचं, हे आईनं सांगितलं नव्हतं. तिला तशी वेळ येईल असं वाटलं नसणार.

वऱ्हाडाचे पुढारी म्हणजे हिंदुरावमामा, नवरदेवाचे सख्खे मामा. अंगानं सहा फूट, फेटा धरून साडेसहा. त्यांच्याबरोबर चार मित्र होते आणि चौघांत मिळून एक काळा चष्मा, तो ते आळीपाळीनं घालत होते. पाचही जण चहाच्या टपरीमागं जाऊन आले होते. तात्याही तिथूनच आले होते.

मी लाँचच्या बाकाखालची पेटी उघडली. आत चाळीस लाईफ जाकिटं होती. आजवर कुणी घातली नसल्यामुळं अगदी नवी होती. एकात फक्त उंदरानं संसार मांडला होता.

"मंडळी," मी हात जोडून म्हणालो, "एकेक जाकीट घालून घ्या."

"का रं पाव्हणं?" मामा म्हणाले. "आम्ही काय सडकेच्या कामावर आलोय?"

वऱ्हाड हसलं. नवरदेवाची आई, वत्सलामावशी, म्हणाल्या, "एवढी पैठणी नेसलेय बाई, आणि वरून हे नारिंगी? फोटोत काय दिसेल?"

"सगळे सारखेच दिसतील," फोटोवाला दुःखानं म्हणाला.

मी आणखी दोनदा विनंती केली. दुसऱ्या वेळी कुणी ऐकूनही घेतलं नाही. मग माझं लक्ष हातातल्या ताटाकडं गेलं.

यानंतर मी जे केलं ते ठरवून केलं असं म्हणायला आवडेल मला. पण ठरवलं नव्हतं. मी एक जाकीट उचललं, ताटात ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, वर सुपारी ठेवली आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "नवरदेवाच्या मामांचा मान!"

सगळं वऱ्हाड वळून बघायला लागलं.

"कसला मान?" मामा सावध झाले.

"मानाचं जाकीट, मामा. आमच्याकडं वऱ्हाड पाण्यावरनं आलं की मुलीकडनं घालतात. जुनी पद्धत आहे. सगळ्यांना नसतं, फक्त मानाच्या माणसांना. अकराच आहेत."

मामांनी फेटा सावरला. दोन्ही हात मागं केले, मी जाकीट चढवलं, पट्टे आवळले, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मामा गंभीर झाले. मित्रांकडं आता ओळख पटत नसल्यासारखं बघायला लागले.

"वरमायचा मान!"

"अगं बाई," असं म्हणत वत्सलामावशी पैठणीसकट जाकिटात शिरल्या.

नवऱ्यामुलाला, म्हणजे सुहासदाजींना, मी तिसरं घातलं. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "मी मगाशीच मागणार होतो. मला पोहता येत नाही. मामा हसतील म्हणून गप्प बसलो."

चौथं मी नवरदेवाच्या थोरल्या काकांना दिलं आणि मुद्दाम धाकट्या काकांकडं पाठ फिरवली. झालं. अर्ध्या मिनिटात भडका उडाला.

"म्हणजे आम्ही कुणीच नाही?" धाकटे काका म्हणाले.

"तसं नाही काका, पण अकराच..."

"माझ्या नवऱ्याला वगळता? आत्याचा नवरा आहे तो!" एक बाई पुढं आल्या. "लग्न ठरवलं कुणी? आम्ही ठरवलं!"

"मुलीकडचे आत्तापासूनच असे वागायला लागले," मागून कुणीतरी म्हणालं.

मी कपाळावरचा घाम पुसला, पेटीत डोकं घातलं आणि खूप शोधल्यासारखं केलं. "एक सापडलं काका! आमच्या गावच्या सरपंचांसाठी ठेवलेलं. पण असू दे, तुम्हीच घ्या."

सरपंचांचं जाकीट मिळाल्यावर काकांनी सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं. नंतर मी तलाठ्याचं, पोलीस पाटलाचं आणि दोन आमदारांची जाकिटं वाटली. फोटोवाल्याला फोटोचा मान दिला. मामांच्या चार मित्रांना दोस्तीचा मान दिला, तो घेताना एकाला रडू आलं. सगळं वऱ्हाड नारिंगी झालं, पट्टे आवळून झाले, तरी एक आजोबा रुसून बसले होते. त्यांना दोन हवी होती.

आज अकरा वर्षांनी आमच्या पाण्यावर ही रीत सगळे पाळतात. गेल्या साली एका म्हाताऱ्यानं मला समोर बसवून सांगितलं की ही पेशवाईपासून चालत आलेली आहे. मी म्हणालो, "असेल."

एकतीस जणांचं झालं, एक मी घातलं. राहिले तात्या.

ते स्टिअरिंगसमोर बसले होते. चावी हातात होती आणि ती भोकात जात नव्हती. मी ताट घेऊन गेलो. "तात्या, आज मानाच्या चालकानं पाहुण्यांत बसून यायचं असतं. लाँच हाताखालच्या माणसानं..."

तात्यांनी मान वर केली. डोळे लाल होते पण मूर्ख नव्हते.

"मला शिकवतोस? माझ्याच बोटीवर? तुझ्या बापाला स्टिअरिंग धरायला मी शिकवलंय, दिन्या."

"होय तात्या."

"मग?"

मग माझ्याजवळची युक्ती संपली. मी ताट खाली ठेवलं आणि हात पुढं केला. "तुम्ही प्यायलाय. चावी द्या."

हे मी हळू म्हणालो असं मला वाटलं. पण पाण्याकाठी आवाज फार लांब जातो. हिंदुरावमामा दणादणा चालत आले. मानाच्या जाकिटामुळं त्यांचा अधिकार आणखी वाढला होता.

"ए, त्यांना मी पाजलीय. माझ्या हातची घेतली म्हणजे गुन्हा झाला काय? चाळीस वर्षं बोट चालवणारा माणूस आन् हे कालचं पोरगं! तात्याच चालवणार. न्हाईतर आम्ही परत फिरतो. बस उभीच आहे आमची."

"मामा, परवाना आहे माझ्याकडं. तीन महिने झाले."

"तीन महिन्याच्या पोराच्या हातात वऱ्हाड देऊ?"

वऱ्हाडातून कुणी हललं नाही. मी बाजूला जाऊन वैजूला फोन लावला. आमच्या गावात रेंज फक्त भैरोबाच्या पारावर येते. त्यामुळं मुंडावळ्या बांधलेली नवरी अर्धा तास पारावर उभी होती आणि येणारेजाणारे तिला देव समजून नमस्कार करत होते.

"वैजू, ते परत जायचं म्हणतायत."

"का?"

"मी तात्यांकडं चावी मागितली."

पलीकडं बँडवाले वाद्यं जुळवत होते. मग ती म्हणाली, "वास घेतलास?"

"घेतला."

"नक्की?"

"नक्की."

"मग जाऊ देत परत," वैजू म्हणाली. "आईला मी सांगते." आणि तिनं फोन ठेवला.

मी वळलो तर सुहासदाजी लाँचमध्ये चढत होते. शेरवानीवर जाकीट, जाकिटावर हार. पहिल्या बाकावर बसून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

"मामा, या. बसून घ्या," ते म्हणाले. "हा चालवणार असेल तर मी जाणार. तुम्ही परत गेलात तर बस मोकळी जाईल, पाय पसरून बसा."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा भाच्याचं असं काही ऐकलं असावं. वत्सलामावशींनी त्यांना कोपरानं ढकललं आणि त्या चढल्या. मग सगळेच चढले.

तात्यांनी चावी माझ्या तळहातावर टेकवली. मी त्यांच्या खांद्यावर जाकीट टाकलं. त्यांनी ते शालीसारखं ओढून घेतलं आणि डाव्या बाकाच्या टोकाला जाऊन बसले. पट्टा मी लावायला हवा होता. तेवढं राहिलं.

पहिली पस्तीस मिनिटं मी बोट दुधानं काठोकाठ भरलेली कढई न्यावी तशी चालवली. नवरदेवाच्या तोंडावर ऊन येतं म्हणून फोटोवाल्यानं डाव्या बाजूचा ताडपत्रीचा पडदा सोडला. सावली झाली आणि तात्या झोपले. मामा आणि मित्र जाकिटांच्या मानावर चर्चा करत होते. मला वाटलं, जमलं.

वेळसे दिसायला लागलं. उजव्या हाताला काठ, काठावर मांडव, मांडवापुढं आमच्या बायका पंचारती घेऊन उभ्या. आणि आमच्या बँडवाल्यानं वऱ्हाड बघितलं.

बँडवाल्याचा दोष नाही. वऱ्हाड दिसलं की वाजवायचं, हे त्याला सांगितलं होतं. वऱ्हाड पाण्यावर असताना वाजवायचं नाही, हे सांगायचं राहिलं होतं. त्यानं ढोल घातला आणि मामा उठले. मामा उठले म्हणून मित्र उठले. पाचही जण उजव्या बाकावर चढून नाचायला लागले, आणि ते बघायला, टाळ्या वाजवायला, मोबाईल काढायला सगळं वऱ्हाड उजवीकडं सरकलं.

"बसा!" मी ओरडलो. "मामा, खाली बसा! बसायचा मान!"

ही युक्ती दुसऱ्यांदा चालली नाही. मी इंजिन बंद केलं, कारण पाण्यात माणसं पडणार होती आणि पंखा फिरता नको होता. लाँच उजवीकडं कलली. पाणी कठड्यावरून घरच्यासारखं आत आलं. वत्सलामावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही तर..." आणि आम्ही उलटलो.

वर आलो तेव्हा पहिल्यांदा दिसले फेटे. गुलाबी फेटे उलगडत पाण्यावर पसरत चालले होते. फेट्यांच्या मधेमधे माणसं वर येत होती. बुचासारखी. एकेक करून, नारिंगी, थुंकत, शिव्या देत.

"मेलो!" हिंदुरावमामा ओरडत होते. "मेलो रे! हिंदुराव गेला!"

"मामा, तुम्ही तरंगताय."

मामांनी खाली बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. "ते दिसतंय मला," ते म्हणाले.

"दिनकर," वत्सलामावशी पुढ्यातून वाहत जाताना म्हणाल्या, "माझे पाय टेकत नाहीत रे."

"टेकणार नाहीत मावशी. तीन पुरुष खोल आहे. मागं रेलून बसा, खुर्चीत बसल्यासारखं."

त्या बसल्या. दाजी तर आधीच बसले होते. मी मोजायला लागलो. मोठ्यानं, बोट दाखवून. अठ्ठावीस, एकोणतीस. फोटोवाला कॅमेरा डोक्यावर धरून तीस. रुसलेले आजोबा एकतीस. मी बत्तीस.

एक नारिंगी जाकीट थोडं बाजूला तरंगत होतं. त्यात कुणी नव्हतं.

एकतीस वऱ्हाडी, मी आणि तात्या. तेहेतीस व्हायला हवे होते.

त्या रिकाम्या जाकिटाकडं बघत मी थांबलो. किती वेळ, ते माहीत नाही. फार नसेल. पण थांबलो.

मग माझं जाकीट काढलं आणि बुडी मारली. लाँचखाली अंधार होता. डावा पडदा छताभोवती गुंडाळला गेला होता आणि त्यात काहीतरी धडपडत होतं. पहिल्या बुडीत मला पडद्याची कड सापडली, दुसऱ्या बुडीत तात्यांचा पाय. तिसऱ्या बुडीत मी ताडपत्रीची दोरी दातानं सोडली आणि त्यांना धोतराला धरून ओढलं. वर आलो तेव्हा काठावरून आमच्या गावच्या दोन होड्या निघालेल्या दिसल्या. बँड अजून वाजत होता. नवरदेव जमिनीवर पाय ठेवेपर्यंत वाजवायचं, असं ठरलं होतं.

मी तात्यांना उलट्या लाँचच्या पाठीवर पालथं टाकलं. आमच्या समोर एकतीस माणसं तरंगत होती आणि आता त्यांच्यात कुणाचा फेटा गेला यावर भांडण सुरू झालं होतं. तात्या ओकले. पाणी कमी आणि दारू जास्त. मग गाल फायबरला टेकून पडले.

"पंपाच्या खोलीमागं," ते म्हणाले, "त्या दिवशी तूच होतास."

"होतो."

"मी डोळा मारला. तू हसलास."

"हसलो."

"तोंड नाही उघडलंस."

"चौदा वर्षांचा होतो, तात्या."

"आन् आज?"

"आज वीस."

सहा वर्षांपूर्वी मी अण्णांना धक्क्यावर सोडायला गेलो होतो. तात्या पंपाच्या खोलीमागं बाटली तोंडाला लावून उभे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. मोठ्या माणसानं आपल्याला गुपितात घेतलं म्हणून मला फार भारी वाटलं. अण्णा चढले, त्यांच्याबरोबर आणखी चार जण. तात्या तेवढे परत आले. कागदावर लिहिलं गेलं, अचानक सुटलेला पश्चिमेचा वारा. गावानं वाऱ्याला शिव्या दिल्या. मी वैजू सोडून कुणाला काही बोललो नाही, आणि अठरा वर्षांचा झालो त्या दिवशी तात्यांच्या लाँचवर काम मागायला गेलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच्या पायानं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले आणि सहा वर्षांपूर्वीचा वारा मागं घेतला. पण ते दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी होडीवाल्यांनी लांब दोर टाकला. वऱ्हाडातल्या प्रत्येकानं दोराला धरलं आणि होड्या वल्हवत सगळ्यांना काठाकडं ओढत निघाल्या. अशी वरात आमच्या खोऱ्यात पूर्वी कुणी पाहिली नव्हती. पुढं नवरदेव, मागं वरमाय, मागं काका चढत्या रागानं. मामा सगळ्यांत शेवटी पालथे पडून दोर धरून येत होते आणि ढोलाच्या तालावर त्यांचा एक पाय पाण्यात हलत होता. काठावर आमचा सबंध गाव गुडघाभर पाण्यात उतरला होता. दाजींचा पाय जमिनीला लागला तसा बँड थांबला. मग लोकांनी ज्या आरोळ्या ठोकल्या त्या पलीकडच्या धक्क्यावर ऐकू गेल्या म्हणे.

भटजींनी घड्याळ बघितलं, पंचांग बघितलं, ओल्या वऱ्हाडाकडं बघितलं आणि दोन दहाचा मुहूर्त शोधून काढला. वत्सलामावशी आईला मिठी मारून रडत होत्या. हिंदुरावमामांना कुणीतरी जाकीट काढा म्हणालं, तर ते म्हणाले, "हात लावून बघ." लग्नाच्या सगळ्या फोटोत ते नारिंगी आहेत.

वैजू शालूसकट पाण्यात उतरून माझ्याकडं आली. मुंडावळ्या वाकड्या झाल्या होत्या. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे."

"तात्या?"

मी मागं बोट केलं. तात्या होडीच्या कडेला घोंगडी पांघरून बसले होते. कुणीतरी त्यांना चहा दिला होता. वैजूनं त्यांना एकदा नीट बघून घेतलं.

"तेहेतीस," मी म्हणालो. "तेहेतीसच्या तेहेतीस, वैजू. मी दोनदा मोजले."

तिनं पदरानं माझं नाक पुसलं, चांगलं जोरात.

"मग रडतोस कशाला?" ती म्हणाली. "तेहेतीस ओली माणसं भुकेली आहेत. जा, पानं मांड."